राणी दुर्गावतीचा कारभार

(२४ जून रोजीं, राणीच्या स्मृतिदिनीं, सालेकसा तालुक्यांतील एका गांवीं शाळेच्या पटांगणांत झालेलें भाषण)



पऱ्ह्यांचे दिवस आहेत. आभाळ दाटलें आहे आणि तुम्हांपैकीं पुष्कळांचें अर्धें लक्ष बांधीकडे आहे, हें आम्हांस दिसतें. म्हणून फार वेळ घेणार नाहीं. ज्या बाईसाठीं आपण जमलों, ती देखील याच दिवसांत, १५६४ सालच्या जून महिन्याच्या २४ तारखेस, जबलपुराजवळ नरई नांवाच्या नाल्यावर रणांत पडली.

तिचें चित्र आतां गांवोगांव लागलें आहे. हत्तीवर बसलेली, हातांत शस्त्र, डोळ्यांत अंगार. शाळेंत मुलांना विचारावें, राणी दुर्गावती कोण? तर मुलें एका सुरांत सांगतात, "मोगलांशीं लढली आणि स्वतःच कट्यार मारून घेऊन मेली." उत्तर बरोबर आहे, गुण पुरे मिळतात. पण राणी पडली तेव्हां तिचें वय चाळिशीला टेकलें होतें, आणि त्याआधीं सुमारें चौदा वर्षें ती एक मोठें राज्य आपल्या अज्ञान मुलाच्या नांवानें चालवीत होती. शेवटची लढाई दोन दिवसांची. त्या दोन दिवसांची पुण्यतिथि आपण करतों. चौदा वर्षांची चौकशी कोणी करीत नाहीं. आज आम्ही त्या चौदा वर्षांविषयींच अधिक बोलणार आहों. लढाईही सांगूं, कारण ती सांगितल्याशिवाय ही पुढें बसलेली पोरें आम्हांस खालीं बसूं देणार नाहींत.

राणीचें राज्य आपल्याला परकें नाहीं. तिचें मूळ ठाणें गढा. तें आज जबलपूर शहराच्या पोटांत गेलें आहे. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला जी गाडी जाते, पूर्वीं जिला आपण छोटी लाईन म्हणत होतों, ती राणीच्या मुलुखांतूनच जाते. माघ पौर्णिमेला आपल्या कचारगडच्या गुहेपाशीं जी जत्रा भरते, तिला मध्य प्रदेश आणि छत्तीसगडांतून माणसें चालत येतात, आपल्याच बोलींत बोलतात, आपल्याच देवांचीं नांवें घेतात. सीमा कागदावर आखलेली आहे. सोयरीक अजून ती मानीत नाहीं. जिल्ह्याचें गोंदिया हें नांव गोंडांवरून पडलें कीं गोंद म्हणजे डिंकावरून, यावर पारावर वाद होतात. ते होऊं द्यावे. जंगल आणि गोंड हीं दोन्हीं येथें होतीं, एवढें पुरे.

आतां हें सगळें आपल्याला कळलें कोठून? येथें एक गंमत आहे. राणीच्या कारभाराची सर्वांत मोठी हकीकत तिच्या घरच्या माणसानें लिहिलेली नाहीं. ती अकबर बादशहाच्या दरबारच्या अबुल फझलनें 'अकबरनामा' या आपल्या ग्रंथांत लिहून ठेवली. म्हणजे ज्यांनीं राणीचें राज्य बुडविलें, त्यांचा हा लेखक. त्यानें राणीला नांवें ठेवलीं आहेतच. ती गर्विष्ठ होती, खुशामत करणारांनीं तिला फुगविलें, बादशहाच्या पायाशीं आली नाहीं, असें तो म्हणतो. पण तोच पुढें तिची दूरदृष्टि, तिचें शौर्य आणि तिची कारभारांतील हुशारी मान्य करतो. प्रतिपक्षाच्या वकिलानें भर कचेरींत एखादी गोष्ट कबूल करावी, तसें हें आहे. घरच्या भाटाच्या दहा पोवाड्यांपेक्षां अशी एक कबुली आम्हांस जड वाटते.

राणीचा जन्म १५२४ सालचा. घराणें चंदेल रजपुतांचें, महोब्याकडचें. बापाचें नांव अबुल फझल शालिवाहन देतो. दुसरीकडे किरातराय असें सांगतात आणि जन्म कालिंजरच्या किल्ल्यावर झाला असें म्हणतात. १५४२ च्या सुमारास तिचें लग्न गढ्याचा गोंड राजा संग्रामशहा याच्या दलपतशहा नांवाच्या मुलाशीं झालें. संग्रामशहा म्हणजे बावन्न गडांचा धनी. आतां चंदेलाची मुलगी गोंडाच्या घरीं कशी आली, हा प्रश्न दरबारी लेखकाला फार टोंचला असावा. तो लिहितो, मुलाकडचें कूळ चांगलें नव्हतें, पण पैसा होता; मुलीच्या बापाची स्थिति खालावली होती, म्हणून नाइलाजानें ही सोयरीक झाली. एवढ्यावर तो थांबत नाहीं. दलपतशहा हा मुळांत संग्रामशहाचा मुलगाच नव्हे, कछवाह्या रजपुताच्या घरून घेतलेला आहे, अशीही एक कथा तो पुढें करतो. पहा, बावन्न गड जिंकणाऱ्याला देखील कुळाचा दाखला विचारला जातो, आणि तो मिळाला नाहीं तर दुसऱ्या कोणाचा तरी चिकटविला जातो! ज्या घरची सून झाली, त्या घराला राणीनें कधीं कमी लेखलें नाहीं, हें तिच्या पुढच्या वर्तनावरून उघड आहे. तिनें राज्य राखलें तें गोंडांचें म्हणूनच राखलें.

१५४५ च्या सुमारास मुलगा झाला, वीरनारायण. तो पांच वर्षांचा असतांना दलपतशहा वारला.

येथें क्षणभर थांबूं. आपल्यांतील किती घरांत ही गोष्ट घडली आहे? धनी गेला, पदरांत पांच वर्षांचें पोर, आणि तेराव्याच्या पंगती उठतांच ओसरीवर भाऊबंद बसतात. बाईनें आंतून ऐकायचें. कोणी म्हणतो, वहिनी, तूं कशाला काळजी करतेस, आम्ही आहों ना. हें "आम्ही आहों ना" ऐकून पुष्कळ बायांच्या बांध्या गेल्या आहेत.

दुर्गावतीच्या घरींही दीर होता. चंद्रशहा त्याचें नांव. राणीनें काय केलें? सती गेली नाहीं, माहेरीं गेली नाहीं. पोराला गादीवर बसविलें, आणि कारभार आपल्या हातीं घेतला. तुमच्या सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नांवापुढें अ.पा.क. अशीं तीन अक्षरें असतात. अज्ञान पालन कर्ता. मालक पोर, पण पोर कळता होईपर्यंत वहिवाट पाहणारें माणूस दुसरें. राणी दुर्गावती ही गढ्याच्या गादीची अ.पा.क. होती. इतिहासाच्या पुस्तकांत यालाच राजप्रतिनिधि असा भारी शब्द आहे, अर्थ तोच.

तिच्या हाताशीं दोन मंत्री होते, आधार कायस्थ आणि मान. कागद त्यांनीं पाहावे, निर्णय राणीनें द्यावा. तिनें राजधानी सिंगौरगडाहून चौरागडला हलविली. सिंगौरगड आजच्या दमोह जिल्ह्यांत, चौरागड नरसिंहपूर जिल्ह्यांत सातपुड्याच्या माथ्यावर. दूरचा विचार करणाऱ्या माणसाचें हें काम आहे: उत्तरेकडून घोडदळ येणार हें तिला दिसत होतें.

अबुल फझल म्हणतो कीं, तिच्या ताब्यांत तेवीस हजार वस्तीचीं गांवें होतीं, त्यांपैकीं बारा हजार गांवांवर तिचे स्वतःचे शिकदार, म्हणजे वसुली अंमलदार, नेमलेले होते. उरलेलीं गांवें मांडलिकांकडे असून ते मांडलिक तिच्या धाकांत होते. दरबारी लेखक आंकडे लिहितांना हात सैल सोडतात, हें धरून चाला. तरी अर्ध्याहून अधिक गांवांवर सरळ अंमल, ही गोष्ट त्या डोंगराळ मुलुखांत लहान नाहीं. मधल्या सरदाराला वगळून रयतेशीं थेट हिशेब ठेवायचा, तर रोज उठून काम करावें लागतें. शिकदार चोरी करतो कीं नाहीं तें पाहावें लागतें. कोठें पीक बुडालें, कोठें गांव उठलें, याची खबर ठेवावी लागते. तलवार तर वर्षांतून एकदां उपसायची. हें काम बाराही महिने.

'आइन-इ-अकबरी'त गढ्याविषयीं असें आहे कीं, तेथील रयत सारा मोहरांनीं आणि हत्तींनीं भरते, आणि तेथें पिकणारें धान्य गुजरात व दक्षिण या दोहोंस पुरण्याजोगें आहे. आम्ही पहिल्यानें हें वाचलें तेव्हां हत्तीकडेच डोळे गेले. खरी नोंद धान्याची आहे. डोंगराच्या, जंगलाच्या मुलुखांत एवढें धान्य पिकतें कशावर? पाण्यावर.

जबलपुरांत आज राणीताल नांवाची वस्ती आहे, चेरीताल आहे, आधारताल आहे. राणीताल राणीनें बांधविला. चेरी म्हणजे दासी, चेरीताल तिच्या एका दासीनें बांधविला. आणि आधारताल त्या आधार मंत्र्यानें, असें परंपरेनें सांगतात. राणीनें तलाव बांधला म्हणजे नवल नाहीं, राजेलोक बांधतातच. पण जिच्या दासीच्या नांवानेंही तलाव उभा राहतो, तिच्या राज्यांत पाणी अडविणें ही मोठेपणाची खूण झाली असली पाहिजे. आज मोठेपणाची खूण काय आहे, तें बोलायला नको. लग्नांतल्या वाजंत्र्याच्या भोंग्यावरून ओळखूं येतें.

आपल्या जिल्ह्याला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपलें पोट धानावर आणि धान तलावावर. नवेगांवचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें घातला असें सांगतात. चांद्याच्या गोंड राजांच्या अमलांत जो तलाव खोदील, त्याला त्याखालची जमीन, अशी रीत होती म्हणून कोहळी येथें टिकले आणि तळीं उठलीं. पाळीची माती कोहळ्यानें टाकली, गोंडानें टाकली, पोवारानें, कुणब्यानें, महारानें टाकली. कुदळ लोहारानें घडविली. पाण्यांत जाळें ढिवरानें टाकलें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि त्यांचें नांव माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव पडलें. मामा हा शब्द मायेचा आहे, पण मामाच्या पोटांतला गाळ कोण काढतो? तेवढें विचारून पुढें जातों.

राणीला बंदुकीची आणि तिराची दोन्ही नेमबाजी येत होती. वाघ आल्याची खबर लागली कीं, त्याला मारल्याशिवाय ती पाणी पीत नसे, असें तोच शत्रुपक्षाचा लेखक लिहितो. याला कोणी शौक म्हणेल. आपण जंगलाच्या कांठचे लोक. वाघ गुरांत शिरला म्हणजे घरांत काय होतें तें आपल्याला ठाऊक आहे.

१५५६ च्या सुमारास माळव्याच्या बाजबहादुरानें पाहिलें कीं, गादीवर पोर आणि कारभारावर बाई. तो चालून आला आणि मार खाऊन परत गेला. तिच्या लढायांत वीस हजार घोडेस्वार आणि हजार हत्ती असत, असें अबुल फझल सांगतो.

मग १५६२ त अकबरानें माळवा घेतला. इकडे रेवा-पन्न्याच्या बाजूस अकबराचा सरदार आसफखान येऊन बसला. आतां राणीच्या सरहद्दीला मोगल भिडले. राणीनें अकबराचें काय वाईट केलें होतें? कांहीं नाहीं. गढ्याची दौलत आसफखानाच्या कानावर गेली, एवढेंच कारण. श्रीमंत विधवा आणि शेजारी बलदंड सावकार!

आसफखान दहा हजार स्वार घेऊन दमोहपर्यंत आला, त्या वेळीं राणीजवळ अवघे पांचशें लोक उरले होते. शिपाई आपापल्या घरादाराच्या रक्षणासाठीं पांगले होते. आमचा आपला तर्क असा कीं, शिपाई म्हणजे शेतकरीच, आणि दिवस पावसाच्या तोंडचे. पांगणार नाहींत तर काय करतील? आधारानें सल्ला दिला कीं, फौज नाहीं, जपून असावें. राणी त्याच्यावरच संतापली. ती नरईला जाऊन बसली. एका बाजूस गौर नदी, दुसरीकडे नर्मदा, भोंवतीं डोंगर. तेथें हळूहळू माणसें जमलीं.

मोगलांनीं घाटाची वाट घेतली, तेव्हां राणीचा फौजदार अर्जुनदास बैस पडला. मग ती स्वतः उतरली आणि त्या दिवशीं मोगलांना मागें हटविलें. संध्याकाळीं तिनें सरदारांना बोलावून सांगितलें कीं, आज रात्रींच छापा घालूं. सकाळ झाली कीं आसफखान तोफा आणील. सरदारांनीं ऐकलें नाहीं. सकाळीं तोफा आल्या. ज्या बाईनें चौदा वर्षें ज्यांचीं घरें राखलीं, त्यांनीं एक रात्र तिचें ऐकलें नाहीं. रात्रींतून नाला भरला आणि मागची वाट बंद झाली, असें लोक सांगतात. नाला भरला नसता तरी ती मागें गेली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ती सरमन नांवाच्या हत्तीवर होती. वीरनारायण जखमी झाला. त्याला तिनें बाजूला नेवविलें. त्याच्याबरोबर बरेच लोक निघून गेले. एक तीर तिच्या कानशिलाजवळ लागला, तो तिनें उपटून फेंकला. दुसरा मानेंत लागला आणि तिची शुद्ध गेली. शुद्धीवर आल्यावर महावताच्या जागीं बसलेल्या आधाराला ती म्हणाली, मला मार. त्याचा हात उठेना. तेव्हां तिनें स्वतःच कट्यार घेतली.

पुढची गोष्ट मुलांच्या पुस्तकांत सहसा नसते. दोन महिन्यांनीं आसफखान चौरागडावर गेला. वीरनारायण लढून पडला. आंत स्त्रियांनीं जोहार केला. आग विझल्यावर दोन जिवंत सांपडल्या, राणीची बहीण कमलावती आणि वीरनारायणाची नियोजित वधू. त्यांना बादशहाकडे पाठविण्यांत आलें. या जोहाराच्या वर्णनानें पुष्कळांची छाती फुगते. आमची फुगत नाहीं. जी बाई नवऱ्यामागें जळली नाहीं, राज्य करीत राहिली, तिच्याच घरच्या बायकांना अखेर जाळून घ्यावें लागलें, हें वाचतांना आम्हांस घास गिळवत नाहीं.

किल्ल्यांत अशरफींनीं भरलेलीं एकशें एक भांडीं निघालीं. शिवाय जवाहीर आणि हजार हत्ती. आसफखानानें बादशहाकडे दोनशें हत्ती पाठविले आणि बाकीचें गिळलें. चोराच्या घरीं चोरी. पण येथें राणीविषयींही बोललें पाहिजे, नाहींतर आम्ही तिचे भाट ठरूं. एकशें एक भांडीं सोनें गडावर पुरलेलें, आणि नरईवर तोफखाना नाहीं. त्या सोन्याच्या दहा भांड्यांत तोफा आणि गोलंदाज आले असते. पाणी अडविण्यांत जी दूरदृष्टि दिसते, ती दारूगोळ्यांत दिसत नाहीं. तिच्या सासऱ्यानें हत्तींवर राज्य मिळविलें, तिनें हत्तींवरच भरंवसा ठेवला. १५२६ त पानिपतावर तोफांनीं काय केलें होतें तें तिच्या दरबारीं पोंचलें होतें कीं नाहीं कोण जाणे.

शेवटीं गादी कोणाला मिळाली? दीर चंद्रशहाला. अकबरानें दहा गड काढून घेतले आणि उरलेलें राज्य त्याला दिलें. ओसरीवरचे भाऊबंद आठवले ना?

आज राणीचा मान मोठा आहे. जबलपूरच्या विद्यापीठाला १९८३ पासून तिचें नांव आहे. १९८८ त तिचें टपाल तिकीट निघालें. समाधीपाशीं येणारा जाणारा पांढरा गारेचा खडा वाहतो, ही चाल स्लीमन साहेबानेंही लिहून ठेवली आहे. हें सगळें चांगलें आहे. पण आमच्या शाळेंत बापाविना वाढणारीं मुलें आहेत. वर्गांत नांव पुकारतों तेव्हां आम्हांस ठाऊक असतें कीं, या पोराच्या आईचें नांव सातबाऱ्यावर चढलें नाहीं. एका घरीं तर बाईला तालुक्याच्या गांवीं नेलें, वारसाचा कागद आहे म्हणून सांगितलें, आंगठा घेतला. तें हक्कसोडपत्र होतें. त्या घरच्या बैठकीला राणी दुर्गावतीची तसबीर आहे आणि दर २४ जूनला तिला हार घातला जातो.

कायदा काय म्हणतो तें ऐकून ठेवा. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें पुरुष मृत्युपत्र न करतां वारला तर त्याच्या मिळकतींत विधवा, मुलगी आणि मुलगा यांचा वाटा सारखा आहे. हें कुणबी, पोवार, तेली, माळी, कुंभार, सुतार सर्वांना लागू. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमांत असें आहे कीं, अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू नाहीं. म्हणजे गोंड आणि हलबा घरांत चालतें ती रूढि. आणि रूढि कोण सांगतो? ओसरीवर बसलेले पुरुष. ज्या जमातीच्या राज्याचा कारभार चौदा वर्षें एका विधवेनें केला, त्याच जमातीच्या लेकीसुनांना, आमच्यांत बाईचा हिस्सा नसतो, असें तोंडावर सांगतात!

म्हणून ही बातमी मुद्दाम सांगतों. १७ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यांत निकाल दिला. आईच्या वारसांनीं आजोबांच्या जमिनींत आईचा हिस्सा मागितला होता. खालच्या न्यायालयांनीं म्हटलें, बाईला हिस्सा मिळण्याची रूढि तुम्ही सिद्ध केली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें प्रश्न उलटा धरला. बाईला वगळण्याची रूढि तरी कोठें सिद्ध झाली आहे? तशी ती नसतां केवळ ती बाई आहे म्हणून वाटा नाकारणें समानतेच्या विरुद्ध आहे, असें ठरवून हिस्सा दिला. भांडण वर्षानुवर्षें चाललें. आईच्या हयातींत हिस्सा मिळाला नाहीं, लेंकरांना मिळाला. पण मिळाला.

पऱ्हे उतरले कीं रोवणीला बाया सगळ्यांत पुढें असतात. कंबर मोडेपर्यंत चिखलांत वाकतात. ती बांधी कोणाच्या नांवावर आहे तें त्यांनीं एकदां तरी पाहावें. ज्या घरीं बापामागें मुलें लहान आहेत, त्या घरच्या माउलीनें येत्या रविवारीं सकाळीं आपला सातबारा आणि असेल तो फेरफाराचा कागद घेऊन शाळेंत यावें. शाळा बंद असली तरी व्हरांडा उघडा आहे. एकटीला संकोच वाटला तर शेजारणीला बरोबर आणावें. आम्ही अक्षर न अक्षर वाचून दाखवूं, आणि आंगठा कोठें द्यायचा नाहीं तेंही सांगूं.

पावसाचे थेंब पडूं लागले. मुलांनीं बस्करें उचलावीं.